विस्मरणाचं भाष्य

“तू कोण?” गुरू शेन वू यांनी विचारलं.

त्यान रुई मनाशी हसला. बारा वर्षांनी तो डोंगरावर परतला होता, आणि गुरूंनी पहिल्याच वाक्यात परीक्षा मांडली होती.

“ज्याला लोक त्यान रुई म्हणतात, तो मी नव्हे,” तो म्हणाला.

गुरूंनी पुन्हा तेच विचारलं.

उत्तर उथळ ठरलं, असं त्यान रुईला वाटलं. मग त्याने पाण्याचा दाखला दिला. उताराला वाहणारं पाणी स्वतःला काय नाव देणार? यावर गुरू बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले.

तेही त्याने मनात टिपून ठेवलं.

राजधानीत त्याचं मोठं नाव झालं होतं. ताओच्या वाटेवर साधकाने शिकलेलं सगळं विसरून कसं मोकळं व्हावं, यावर त्याने चौदा खंडांचं भाष्य लिहिलं होतं. दरबारातले विद्वान त्यातले उतारे पाठ म्हणत. ते भाष्य गुरूंच्या पायाशी ठेवायला तो आला होता.

पहिला खंड त्याने गुरूंच्या हाती दिला. त्यांनी तो उलटा धरला, बराच वेळ न्याहाळला, “छान आहे,” म्हणाले, आणि त्यातल्याच एका पानाने हनुवटीवर ओघळलेली पेज पुसली.

त्यान रुई भारावून गेला. शब्दांची किंमत किती सहज दाखवली यांनी! त्याने जमिनीला कपाळ टेकवलं.

तेवढ्यात पेई आत आला. पेई त्याचा गुरुबंधू. त्याला एकही सूत्र कधी धड पाठ झालं नाही, म्हणून सगळे त्याला हसत. त्यान रुई सर्वांत जास्त.

पेईने ओल्या फडक्याने गुरूंचं तोंड पुसलं. मान सावरून धरत घोटघोट पाणी पाजलं. मग हलक्या आवाजात त्याने सांगितलं की, गुरूंचं हे विसरणं सुरू होऊन आता तीन हिवाळे झाले. आधी माणसांची नावं गेली, मग अक्षरं. हल्ली भूक लागली तरी गुरूंना सांगता येत नाही.

“मी तुला निरोप धाडला होता,” पेई म्हणाला. “पहिल्याच हिवाळ्यात. तेव्हा रोज तुझी आठवण काढायचे.”

निरोप पोचला होता. शेवटचा खंड अपुरा होता, म्हणून त्यान रुई निघाला नव्हता.

...

पेई चुलीकडे गेला. त्यान रुई गुरूंसमोर तसाच बसून राहिला. त्याला हुंदका आवरेना.

गुरू कासावीस झाले. हात पुढे करून त्यांनी त्या परक्या माणसाचे डोळे पुसले.

“का रडतोस, बाळा?”

“माझे गुरू... फार आजारी आहेत.”

गुरूंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“मग इथे काय करतोस?” ते म्हणाले. “जा. त्यांच्याजवळ बस.”