चिरमुऱ्याच्या गाडीचं चाक

ऐक हं, सोनू. तू नव्हतीस ना, तेव्हाची गोष्ट. तुझा बाबाही तेव्हा एवढुस्सा होता. आमच्या पेठेतली सगळी मुलं काडेपेटीच्या गाड्या करायची. चाकं बाटलीच्या झाकणांची. काय मजा असायची म्हणून सांगू.

त्या पेठेत एक उंदीर होता. त्याचं नाव चिरमुऱ्या. त्याचीही काडेपेटीची गाडी होती. त्याच्या धाकट्या बहिणीचा, बुंदीचा, पाय दुखावला होता. तिला गाडीत बसवून तो जत्रेला निघाला.

गुडगुड गुडगुड… टण्ण!

एक चाक निसटलं. गटारात पडलं. वाहून गेलं. गाडी कलंडली.

बुंदीला रडूच आलं. "दादा, जत्रा संपून जाईल."

"थांब गं. आत्ता चाक आणतो."

चिरमुऱ्यानं शर्टाचं बटण लावून पाहिलं. लहान झालं. डब्याचं झाकण लावून पाहिलं. मोठं झालं. गाडी आपली तिरकीच.

तुरुतुरु तुरुतुरु. तो गेला दस्तगीरचाचांकडे. चाचा मोटारींची चाकं बसवायचे.

"चाचा, चाचा, चाक द्या.
गाडीचं चाक गेलं."

"देईन की. पण केवढं? मोटार असो नाहीतर काडेपेटी, चाकं सगळी एका मापाची लागतात. जा, दुसऱ्या चाकाचं माप आण. या कडेपासून त्या कडेपर्यंत, बरोबर मधून."

मापाला दोरा हवा. तुरुतुरु तुरुतुरु. तो गेला शिंपीकाकांकडे.

"काका, काका, दोरा द्या.
गाडीचं चाक गेलं.
चाचा म्हणतात, माप आण."

"देईन की. पण कात्री बोथट झालीय."

"दातानं तोडू?"

"छे रे. टोक पिंजेल, माप चुकेल. जा, कात्रीला धार आण."

खरखर खरखर. कात्री ओढत तो गेला धारवाल्या राणूदादाकडे. राणूदादाचं चाक दगडाचं. हे एवढं मोठं.

"दादा, दादा, धार दे.
गाडीचं चाक गेलं.
चाचा म्हणतात, माप आण.
काका म्हणतात, धार आण."

"देईन की. पण दगड कोरडा पडलाय. जा, पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु. तो गेला विहिरीवरच्या चंद्राक्काकडे.

"आक्का, आक्का, पाणी दे.
गाडीचं चाक गेलं.
चाचा म्हणतात, माप आण.
काका म्हणतात, धार आण.
दादा म्हणतो, पाणी आण."

"देईन की. पण माझा रहाट बघ. कर्र कर्र करतोय नुसता. फिरेल तर शपथ. जा, ग्रीस आण."

आता ग्रीस कुणाकडे? मोटारीवाल्या चाचांकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बिचारा दमला गं.

"चाचा, चाचा, ग्रीस द्या.
गाडीचं चाक गेलं.
चाचा म्हणतात, माप आण.
काका म्हणतात, धार आण.
दादा म्हणतो, पाणी आण.
आक्का म्हणते, ग्रीस आण."

चाचा खो खो हसले. "अरे, तो चाचा म्हणजे मीच की. ग्रीस होय? घे की. त्याला कुठलं आलंय माप?"

चाचांनी पानावर ग्रीस दिलं. आक्काचा रहाट फिरला, गर्र गर्र. आक्कानं बुडकुल्यात पाणी दिलं. राणूदादाचं चाक फिरलं, खर्र खर्र. कात्रीला धार आली. काकांनी दोरा कापला, कच्च.

चिरमुऱ्या पळत गाडीकडे आला. दोऱ्याचं टोक चाकाच्या या कडेला धरलं. दोरा बरोबर मधून नेला. त्या कडेला गाठ मारली. झालं माप. तसाच पळाला चाचांकडे.

चाचांनी झाकणांचा डबा ओतला. दोरा लावला. हे लहान. हे मोठं. हे… हे बरोब्बर.

चाक बसलं. गाडी सरळ झाली. बुंदी डोळे पुसून आत बसली.

गुडगुड गुडगुड. जत्रा अजून भरलेली होती. मोठा पाळणा फिरत होता. दोघं त्यात बसले. पाळणा वर वर गेला.

"दादा, बघ," बुंदी म्हणाली. "इथून अख्खी पेठ दिसतेय. चाचा, काका, राणूदादा, आक्का. सगळे दिसतायत."

त्या पाळण्यातून मलाही दिसायचे गं सगळे. आता ती माणसं नाहीत. फार आठवण येते. पण डोळे मिटले ना, की अजून दिसतात. मिट बघू तूही.