चिखलाचं घरटं

पक्षी आपल्यासारखंच बोलायचे, त्या जुन्या काळातली ही गोष्ट.

एका रानात विहीर होती. विहिरीवर एक बाभूळ वाकलेली, आणि तिला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबायची. त्यांच्यात रीतच अशी, की घर बांधायचं नरानं. तो अर्धं घरटं विणून थांबतो, मग मादी बघायला येते. पसंत पडलं तर पुढचं विणायचं, नाहीतर सगळे कष्ट वाया.

एका तरुण सुगरणीला पहिल्यांदाच अंडी घालायची होती. तिच्या जिवाला घोर लागलेला. खाली विहिरीचं खोल पाणी. घरटं उलटलं तर पिल्लांचं काय व्हायचं?

एका नरानं घरट्याला पिवळी फुलं खोचली होती. "या बाई, बघा तरी! बघतच राहाल!"

"बघितलं," ती म्हणाली. "आता बसून बघते."

"बसून? अहो, फुलं चुरगळतील माझी!"

ती पुढे गेली. तिथला नर बिचारा नुसता बाजूला सरकला. त्याच्या घरट्यात आतून चिखलाचे गोळे थापलेले.

"ईऽऽ, घरात चिखल!" तिच्याबरोबर आलेल्या मैत्रिणी खिदळल्या. "आम्ही लांबूनच बघितलं नि निघालो. तूही चल."

तिनं चोचीनं काडी ओढून बघितली. उलटं लटकून बघितलं. मग आत जाऊन बसली, ती बसलीच.

"अगं, आता काय बघतेस?"

"वाऱ्याची वाट."

मैत्रिणी हसून हसून फांदीवरून पडायच्याच बाकी होत्या. नर मात्र श्वास रोखून बसला.

दुपारी वारा सुटला. फुलांचं घरटं हलकं, ते गरगर फिरलं आणि उलटं झालं. सगळी फुलं विहिरीत! चिखलाचं जड घरटं मात्र पाळण्यासारखं सावकाश झुललं.

आतून आवाज आला, "अहो, उरलेलं विणा की लवकर! मला तर झोपच यायला लागली."

नर आनंदानं असा उडाला, की काडी आणायचीच विसरला.

पुढे पिल्लं झाली. सगळं रान बघायला लोटलं. "बघा बघा," सुगरण म्हणाली, "पण दृष्ट नका लावू हं!"

शेवटी फुलवाला नर हळूच आला. "वहिनी, तो चिखल कुठला हो?"

"ओढ्याकाठचा. पण भावजी, थापलात की आधी स्वतः बसून बघा!"

तेव्हापासून सुगरणीच्या घरट्यात चिखलाचे गोळे असतात.

तात्पर्य: जिथं आपली पिल्लं ठेवायची, ती जागा नुसत्या डोळ्यांनी बघून भागत नाही, ओढून, बसून, थोडं थांबूनही बघावी.