ओलीतला माग

फार पूर्वी, कुमुदनगरीत यशोमित्र राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते.

नगरीचे विणकर नदीकाठच्या सखल वस्तीत राहत. ओलीत सूत तुटत नाही, म्हणून ती जागा त्यांनी हौसेने निवडली होती. घरातच खड्डा खणायचा, त्यात पाय सोडून माग चालवायचा आणि शेजारीच झोपायचे. ती ओल सुताला मानवली, माणसांना नाही.

सोमिलेचा नवरा भद्रक पुन्हा अंथरुणाला खिळला होता. राजवैद्याच्या औषधाने तो दरवेळी बरा होई, त्याच खड्ड्यात उतरे आणि पुन्हा आडवा पडे. माग थांबला की चूलही थांबे. त्यात विणकरांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या संघाचा, दंडक असा, की पौर्णिमेला बंद दिसलेला माग दुसऱ्या घरी जायचा. पौर्णिमा तर तोंडावर आली होती.

धान्य दिले, औषध दिले, तरी यांचे दारिद्र्य हटत नाही, हे लोकच आळशी, असे राजा म्हणे. कोरड्या महालात बसून असे म्हणणे सोपे असते.

एके दिवशी बोधिसत्त्व सोमिलेच्या दारी आले आणि थेट खड्ड्यात पाय सोडून बसले. ती संकोचून गेली. ते उठले तेव्हा त्यांचे वस्त्र भिजले होते.

"भगिनी, हे घर सोडा," ते म्हणाले.

"कोरड्यात गेलो तर सूत तुटेल, स्वामी. इथे राहिलो तर हे जातील."

राजाने बोधिसत्त्वांना वाड्यासाठी उंच टेकडी दिली होती. तिथे एक पडवी बांधून झाली होती. त्यांनी भद्रकाला आणि त्याच्या मागाला तिथे हलवले आणि सूत ओलसर राहावे म्हणून ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली ओल्या वाळूची मडकी ठेवली. सोमिला स्वतः मागावर बसली. पहिले काही धागे तुटले, मग हात बसला. पौर्णिमेला श्रेणीचे वडीलधारे माग न्यायला आले, तेव्हा तो चालू होता. ते तसेच परतले.

बोधिसत्त्वांनी सारी टेकडी विणकरांना देऊन टाकली. राजा रागावला. तुम्ही कुठे राहणार, असे त्याने विचारले.

"आहे तिथेच, महाराज. माझे घर कोरडे आहे."

भद्रक हळूहळू बरा झाला, आणि या खेपेस पुन्हा आडवा पडला नाही.

भिक्खूंच्या सभेत एवढी कथा सांगून तथागत बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रक म्हणजे आपली चीवरे शिवणारा सुबंधू. सोमिला ती उपासिका चंपा. राजा तो भिक्खू, ज्याने आज सकाळी आजारी सोबत्याला आळशी म्हटले. अमात्य मी होतो. दुसऱ्याचे दुःख त्याच्या जागी बसून जाणावे आणि मग आपल्या हातचे सोडावे, ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता."

सभेतला एक भिक्खू खाली मान घालून उठला आणि आजाऱ्याच्या कुटीकडे गेला.