दह्याचं गाडगं आणि टिकलीएवढी गोळी

भांडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. इंदुमतीकाकूंच्या फडताळात दह्याचं गाडगं होतं आणि शेजारी कोलेस्टेरॉलची गोळी. डॉक्टरांनी दोन्ही घ्यायला सांगितलं होतं. पण एकदा गाडगं फुशारलं, “काकू, वाटीभर मी असताना ही टिकलीएवढी कशाला?” काकूंना पटलं. गोळी बंद झाली.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल वर चढलेलं. डॉक्टर म्हणाले, “दही खुशाल खा हो, पण गोळी कोणाला विचारून सोडली?”

गाडग्याचं तोंड एवढंसं झालं. गोळी हळूच म्हणाली, “गाडगेदादा, भांडंभर दूध असलं, तरी चमचाभर विरजणाशिवाय तुमचं दही होतं का?”

आता काकूंनी दह्याची वाटी चाटूनपुसून ठेवली, की फडताळातून गाडगंच हाक मारतं, “काकू, गोळी राहिली!”