झोळीची शिवण

“मग चूक कोणाची, ते तरी सांगा आक्का! माझी आहे का?”

हेरंबचा आवाज इतका चढला की संगमावरच्या दत्तमंदिराच्या ओसरीतली कबुतरं फडफडून उडाली.

गोदाक्का डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“देवाचे कान शाबूत आहेत,” त्या म्हणाल्या. “माझेही. हळू बोल.”

लहानपणी याच ओसरीत हेरंब त्यांच्याकडून स्तोत्रं शिकला होता. पुढे मोठा इंजिनिअर झाला, पण आक्कांच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय त्यानं कुठलंच मोठं काम हाती घेतलं नाही. आजही तो आशीर्वादालाच आला होता. फक्त आजचं काम मोडायचं होतं.

पाच देशांनी मिळून एक प्रयोगशाळा बांधली होती. तिनं अवकाशात जायचं, सहा महिने पृथ्वीभोवती फिरत प्रयोग करायचे, खाली उतरायचं, आणि डागडुजी झाली की पुन्हा वर. उतरताना ती चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल होते, म्हणून तिच्या पोटाला उष्णता अडवणाऱ्या फरशा बसवलेल्या. त्या हेरंबच्या माणसांनी घडवल्या होत्या. फरशांच्या मधोमध दार. त्या दाराची चौकट दुसऱ्या एका देशातल्या एल्साबाईंची.

पहिल्या फेरीहून ती परत आली तेव्हा फरशा धड होत्या. चौकट धड होती. आणि आत, पाचही देशांनी मोठ्या आशेनं पाठवलेली रोपं करपून काळी पडली होती.

“फरशी आणि चौकट यांच्या मधून आग शिरली,” हेरंब दात आवळून म्हणाला. “माझी फरशी केसभरही चुकलेली नाही. सगळ्यांसमोर मोजून दाखवली. तर ती एल्सा म्हणते, आमचीही चौकट अचूक आहे! मग काय भुतानं जाळली?”

“मग?”

“मग लिहिलंय पत्र. आमच्या फरशा काढून घेतो, आम्ही या कामातून बाहेर. दोन वाजता बैठक आहे, त्याआधी पाठवणार. बसा म्हणावं उघड्या पोटाची प्रयोगशाळा घेऊन!” त्यानं मोबाइल पुढे केला. “तुम्ही फक्त हो म्हणा.”

“तुझ्या फरशांवाचून ती पुन्हा वर जाईल?”

“नाही. कधीच नाही.”

हे म्हणताना बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं...

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्या अंगावर टाकली.

“आज गुरुवार. माझे गुडघे धरलेत. पाच घरं मागून ये.”

“आक्का, मी काय बोलतोय आणि तुम्ही...”

“बारा वाजता इथं माणसं खिचडी खायला येतात. ती तुझं पत्र खाणार आहेत का?”

आक्कांचं गुरुवारचं व्रत साऱ्या गावाला ठाऊक होतं. झोळीही व्रताचीच. पाच घरांतून मागून आणलेल्या पाच रंगांच्या कापडांची.

हेरंब पाय आपटत गेला.

पाचव्या दारातल्या बाईंनी त्याला पायांतल्या बुटांपासून वर न्याहाळलं.

“अगोबाई! मोटारीतला गोसावी!” त्यांनी ओंजळभर तांदूळ झोळीत घातले आणि पदर तोंडाला लावून हसल्या. “महाराज, जरा मागं वळून बघा.”

त्यानं पाहिलं. पहिल्या घरापासून तांदळाची बारीक ओळ त्याच्या पायांपर्यंत आली होती. तिच्यावर आठ-दहा कोंबड्या माना खाली घालून वरातीसारख्या चालल्या होत्या.

तो परतला तो लालबुंद होऊन. झोळीत दोन मुठी तांदूळही उरले नव्हते.

“फाटकी झोळी देता?”

“कुठं फाटलीय, दाखव.”

त्यानं झोळी उलटी केली. पांढरं कापड धड होतं. लाल कापड धड होतं.

“फाटली नाही. दोघांच्या मधली शिवण उसवलीय.”

“मग वाईट कापड कुठलं?”

“दोन्ही चांगली आहेत हो!” तो खेकसला.

आक्कांनी सुईदोरा त्याच्यापुढे सारला. “शिव.”

मोबाइल थरथरला. एल्साचं नाव. त्यानं तो पालथा घातला आणि सुई हातात घेतली. पांढऱ्याचे धागे सुटले होते, ते आधी त्याच्या डोळ्यांत खुपले. त्यानं पांढऱ्याची कड दुमडली. एकेका टाक्याला तो मनातल्या मनात एल्साला एकेक उत्तर देत होता. टाके बारीक, एका ओळीत, मापानं घेतल्यासारखे.

“हे घ्या. पांढऱ्याची किनार आता जन्मात उसवणार नाही.”

आणि दोरा तोडायला त्यानं तो दातांत धरला.

आक्कांनी मूठभर तांदूळ झोळीत ओतले.

सर्रकन सगळे त्याच्या मांडीवर.

“अहो, पण माझी किनार पक्की आहे!”

ओसरीत ते वाक्य घुमलं. परवा बैठकीतही त्याचा आवाज असाच घुमला होता...

त्याचं बोट पांढऱ्या आणि लाल कापडांमधल्या फटीतून आरपार गेलं.

पालथा मोबाइल पुन्हा थरथरला. त्यानं तो उलटून पाहिला. तेच नाव.

“आक्का...” आता त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “पण पलीकडची बाजू तर त्यांची आहे.”

आक्का वाकून त्याच्या मांडीवरचा एकेक दाणा वेचत होत्या.

“दोरा तोडू नकोस,” त्या म्हणाल्या. “सुई अजून पलीकडे गेलेली नाही.”