पेंडीचा कोपरा

फार पूर्वी एका तेलघाण्याच्या मागच्या अंगणात शेंगदाण्याच्या पेंडीचा ढीग पडून होता. तेल घाण्याने पिळून घेतलं, गुरांनी हवं तेवढं खाल्लं. आता आपण कुणाच्याच नाही, असं पेंडीला वाटे.

एक दिवस पांढरी बुरशी आली. "ताई, इथे जरा टेकू का?"

केरसुणी धावलीच. "बुरशी लागली की संपलंच सगळं!" म्हणत तिने बुरशी खरवडून टाकली. रोज हेच चालायचं. शेवटी पेंड म्हणाली, "केरसुणीबाई, राहू द्या हो तिला. माझ्याजवळ बसायला दुसरं येतंय कोण?"

केरसुणी फणकारली, पण थांबली. बुरशीने तंतूला तंतू जोडत पेंड आतून घट्ट विणून घेतली.

चौथ्या दिवशी भुकेली, म्हातारी लांडगीण कुंपणातून आत शिरली. दाव्याला बांधलेलं करडू लटलट कापू लागलं.

"आजी, इकडे या," पेंडीने हाक मारली. "आधी मला चाखून बघा."

लांडगीण उरल्यासुरल्या दातांनी चावत राहिली. मग डोळे मिटून म्हणाली, "अगदी मांसासारखं लागतंय गं! आणि कुणी रडलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी केरसुणीने सगळं अंगण लख्ख झाडलं. पेंडीचा कोपरा तेवढा सोडला.