दोन आवाज

मंडळी, चपला चुन्याच्या रेघेबाहेर काढा. आत खेळणारेही अनवाणीच उतरतात. घोडेमाळावरचं हे बॅडमिंटनचं मैदान तसं साधंच. दोन खांब, मधे जाळी. पंचाची खुर्ची मात्र तुम्हाला कुठे दिसणार नाही. ती का नाही, ते जुनी माणसं सांगतात ते असं.

इथली छावणी उठली, गोरे दुसऱ्या ठाण्याला गेले, पण त्यांचा हा खेळ माळावर राहिला. वरची आळी आणि खालची आळी, दोघींना झरा एकच. चैत्रात पाणी आटलं की आधी घागर कुणी भरायची यावरून काठ्या निघत. एका वर्षी झऱ्यावरच दोन माणसं मेली. तेव्हा दोन्ही आळ्यांनी देवीच्या पायरीवर शपथ घेतली म्हणे, की यापुढे निकाल जाळीवर लावायचा. जिंकेल त्याचं पाणी पहिलं. पंच नेमला रंगनाथ तांबट. होता वरच्या आळीचा, पण हंड्याला टिचकी मारून आतली चीर सांगणारा माणूस. त्याच्या कानावर खालच्यांचाही भरवसा होता.

वरच्या आळीकडून खेळत होते रंगनाथचा धाकटा भाऊ काशिनाथ आणि भिवा नावाचा एक दांडगा गडी. डाव शेवटच्या गुणावर आला. पिसांचं फूल दोघांच्या मधोमध आलं. काशिनाथने बॅट घातली, मागून भिवाने असं हाणलं की फूल समोरच्यांच्या पायाशी आदळलं. वरची आळी नाचत मैदानात घुसली.

रंगनाथ जागचा हलला नाही. त्याने दोन आवाज ऐकले होते. एक बारीक, काशिनाथच्या बॅटीच्या कडेचा. दुसरा भिवाच्या फटक्याचा. जोडीतल्या दोघांच्याही बॅटी लागल्या, तर तो फटका बाद. पण त्याच्याही घरातल्या घागरी रिकाम्या होत्या.

"फॉल्ट," तो म्हणाला. "दोन आवाज झाले."

"एकच झाला," भिवा म्हणाला.

"दोन."

भिवाने बॅटीची लाकडी चौकट त्याच्या तोंडावर फोडली. दोघांनी त्याचे हात पिरगाळले, एकाने केस धरले, आणि गर्दीतून कुणी पुढे केलेल्या कोयत्याने भिवाने त्याचा उजवा कान उतरवला.

"आता किती?"

रक्त गळ्यावरून सदऱ्यात उतरत होतं. रंगनाथने भावाकडे पाहिलं. काशिनाथ मान खाली घालून उभा होता.

"दोनच," रंगनाथ म्हणाला.

तोवर खालची आळी काठ्या घेऊन धावली. डोकी फुटली, दात पडले, जाळी फाटून पायांत अडकली. भिवाने दुसऱ्या कानासाठी कोयता उचलला, तसा काशिनाथ मधे पडला. "माझ्या बॅटीला लागलं होतं," तो ओरडला. "दादा खरं बोलतोय." कोयता खाली आला तो त्याच्या मानेवर.

भावाचं डोकं मांडीवर घेऊन रंगनाथ बसला, तेव्हा काठ्या आपोआप थांबल्या म्हणे. भिवा काळ्या पाण्यावर गेला, परतला नाही. पाण्याचा मान खालच्या आळीला मिळाला. त्यांनी पहिली घागर भरली, ती माळावर आणून काशिनाथला आंघोळ घातली.

आजही इथे पंच नसतो. ज्याच्या बॅटीला लागलं तो स्वतःच हात वर करून 'लागलं' म्हणतो, आणि समोरचे उलट विचारत नाहीत. मागच्या चैत्रात भिवाच्या पणतूने शेवटच्या गुणावर हात वर केला. आम्हा कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.